जवळचा विमानतळ, दूरचे तिकीट

हजला जाणाऱ्याने विमान कुठून धरावे? घराजवळच्या विमानतळावरून, असे कुणीही म्हणेल. पण तिकिटाचा हिशेब अंतराच्या हिशेबाने चालत नाही, हे आपल्या मुंबईचा इतिहास सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी सुरू झाल्या आणि मुंबई हे हजचे मोठे बंदर झाले. हिंदुस्थानातलेच नव्हे, तर अफगाणिस्तानातले आणि बुखाऱ्याकडचे यात्रेकरूही सरहद्दी ओलांडून इथे येत आणि जिद्दाची बोट धरत. आगगाडी आणि बोटीच्या डेकवरची जागा यांमुळे साध्या माणसालाही ही यात्रा आवाक्यातली वाटू लागली.

स्वस्ताईबरोबर दलालही आले. बंदरावर उतरलेल्या परक्या माणसाला नाडणे सोपे असते. ते थांबवण्यासाठी 1886 साली सरकारने यात्रेकरूंची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली, पण काही वर्षांतच कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. नुसते जाण्याचे तिकीट काढून गेलेले कित्येक गरीब तिकडेच अडकून पडत. शेवटी 1925 च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत आवश्यक केली. पुढे 1937 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची सिंदिया कंपनी या वाहतुकीत उतरली. जुन्या मोगल लाइनशी तिची चढाओढ लागली आणि बोटीचे भाडे खाली आले. अंतर तेच, समुद्र तोच. बदलले होते ते एवढेच, की एकाऐवजी दोन विक्रेते समोर उभे राहिले.

1995 नंतर मुंबईहून हजची बोट सुटली नाही. विमानांचा काळ आला. यात्रेकरूंना मुंबईपर्यंत यावे लागू नये म्हणून देशात ठिकठिकाणी प्रस्थानकेंद्रे झाली. आपल्याकडे मुंबईखेरीज नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. 2018 मध्ये सरकारी अनुदान बंद झाले आणि प्रत्येक केंद्राचा खर्च थेट यात्रेकरूच्या माथी आला. 2023 साली औरंगाबादहून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा सुमारे 88 हजार रुपये जास्त पडले. नवरा-बायको दोघे असतील, तर पावणेदोन लाख!

असे का होते? हजचे विमान यात्रेकरूंना पोचवून रिकामे परतते आणि आणायला पुन्हा रिकामे जाते. त्या रिकाम्या फेऱ्यांचा भार तिकिटावर पडतो. विमान लहान आणि प्रवासी थोडे, की माणशी खर्च वाढतो. केरळातही तेच. 2020 च्या अपघातानंतर कोळिकोडला मोठी विमाने उतरेनाशी झाली. 2024 मध्ये तिथले भाडे कन्नूरपेक्षा बरेच चढे ठरले आणि लोक कन्नूर मागू लागले.

मी भाईंदरला केबिन रोडवर राहतो. माझ्या पत्नीची खाला मराठवाड्यातून आमच्याकडे उतरली होती. गुडघे दुखत होते, तरी रात्रभर गाडीत बसून आली. मी म्हटले, "खालाजान, तिकडूनच विमान होतं ना? एवढा त्रास कशाला?" ती म्हणाली, "बेटा, तेवढ्या पैशात घराचं छप्पर होतं." हा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता. शिलाईच्या मशीनवर रुपया-रुपया जोडणाऱ्याला तो आपोआप येतो.

वाचलेले पैसे कागदावर दिसतात. रात्रीची गाडी, दुखरे गुडघे, सोबतीला आलेल्या मुलाची बुडालेली रोजी मात्र कुठल्याच पावतीवर येत नाही. जो तेही सोसू शकत नाही, तो जवळचे महाग तिकीट काढतो. म्हणजे जास्त भाडे अनेकदा म्हाताऱ्या, आजारी, एकट्या माणसाकडूनच वसूल होते.

यात एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. यात्रेकरू अर्जात केंद्र निवडतो तेव्हा त्या वर्षीचे भाडे त्याला ठाऊक नसते. ते विमान कंपन्यांच्या निविदा उघडल्यावर कळते. भाडे जाहीर झाल्यावर केंद्र बदलण्याची मुभा प्रत्येकाला, हक्क म्हणून, मिळाली पाहिजे. परतीच्या तिकिटासाठी शंभर वर्षांपूर्वी कायदा झाला. किंमत पाहून मग वाट निवडणे, ही मागणी त्याहून मोठी नाही.