पडद्यावरचा पंक्तिभेद

चित्रपट-महोत्सव म्हटला की दिव्यांनी झगमगलेले प्रेक्षागृह, परदेशी पाहुणे आणि पारितोषिकांची घोषणा एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. महोत्सवाचे खरे कार्य याहून निराळे आहे. कोणती कलाकृती जगाने पाहण्याजोगी आहे, याचा निवाडा तेथे होतो; आणि निवाडा करणारे कोण, या एका प्रश्नापाशी समतेचा प्रश्न येऊन भिडतो. कातडीच्या रंगामुळे ज्यांना कॅमेऱ्यामागे उभे राहू दिले गेले नाही, त्यांनी स्वतःचे महोत्सव का काढले, आणि महाराष्ट्राने त्यांच्याकडे आपुलकीने का पाहावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

या आपुलकीचा इतिहास चित्रपटकलेहूनही जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण करून. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्या समाजातर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. पुढे १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ निघाली, तिचे नावही अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरूनच घेतलेले होते. जात आणि वंश या गोष्टी एक नव्हेत. २००१ साली डर्बन येथे वंशद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा भारत सरकारने हाच भेद आग्रहाने मांडला. तथापि जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत दोहोंकडे सारखीच, आणि त्या रीतीचा जाच सोसणाऱ्यांनी एकमेकांना ओळखले, हेही तितकेच खरे.

चित्रपटांचा पहिला मोठा महोत्सव १९३२ साली व्हेनिस येथे भरला. १९३७ साली तेथे पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ दाखविण्यात आला आणि त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. परतंत्र देशातील कारागिरांचे काम, तेही एका देशी भाषेत, युरोपच्या पंगतीत मानाने बसले, याचे अप्रूप महाराष्ट्राला वाटले ते स्वाभाविकच होते. परंतु ही पंगत मांडली कोणी होती? त्या काळी व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मुसोलिनीच्या नावाने दिले जाई, आणि त्याच मुसोलिनीच्या सैन्याने १९३५ साली आफ्रिकेतील ॲबिसिनियावर चढाई केलेली होती. काळ्या-सावळ्या माणसाच्या कलेला टाळी द्यावयाची, पण त्याचे राज्य हिरावून घ्यावयाचे, यात यजमानांना विसंगती दिसत नव्हती.

आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत तर परवानगीवाचून चित्रीकरण करण्यासच १९३४ च्या एका हुकुमाने बंदी घालण्यात आली. परिणाम असा झाला की, आफ्रिकेचा माणूस पडद्यावर दिसे, पण तो दुसऱ्याने काढलेला. अमेरिकेत १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने कृष्णवर्णीयांचे विकृत दर्शन घडविले व अमाप लोकप्रियता मिळविली. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय लेखकाने १९१९ पासून स्वतःचे चित्रपट काढले; पण ते मुख्यतः आपल्याच समाजाच्या थिएटरांतून दाखवावे लागले.

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न १९६९ साली वागाडुगू येथे झाला. आज बुर्किना फासो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या निर्धन देशाच्या राजधानीत आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. त्याचे प्रमुख पारितोषिक म्हणजे येनेंगा या दंतकथेतील राजकन्येची अश्वारूढ प्रतिमा. आफ्रिकेची कथा आफ्रिकेच्या माणसाने सांगावी आणि ती आधी आफ्रिकेच्याच प्रेक्षकांपुढे यावी, हा त्याचा हेतू. त्यानंतर १९९२ साली लॉस एंजलीस येथे आणि २०१२ साली फिलाडेल्फिया येथे कृष्णवर्णीय दिग्दर्शकांना व्यासपीठ देणारे महोत्सव निघाले. व्हेनिसमध्ये पाहुणा म्हणून बसणे निराळे आणि स्वतःच्या घरी यजमान होणे निराळे.

महाराष्ट्राचा पडदाही या दोषापासून मुक्त नव्हता. अस्पृश्यतेचा निषेध करणारे चित्रपट येथे निघाले नाहीत असे नाही. १९३५ साली शांतारामबापूंनी बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत आणून ‘धर्मात्मा’ काढला. १९३६ साली मुंबईच्या बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ गाजला. हेतू उदात्त होता, पण या चित्रपटांतील अस्पृश्य हा बहुधा दुसऱ्याच्या करुणेचा विषय होता.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे भोर तालुक्यातील नसरापूर लागते. पेशवेकालीन बनेश्वर, भोवतालची वनराई आणि शिवगंगेचा धबधबा पाहावयास शहरातील कुटुंबे तेथे जातात व सायंकाळी परततात. पाहुण्याने पाहिलेले नसरापूर खोटे नसते. पण तेवढेच नसरापूर नव्हे. गावात जन्म काढलेला माणूस निराळेच गाव सांगेल, आणि गावाच्या कडेला ज्याचे घर आहे तो त्याहूनही निराळे. मराठी चित्रपटाने खेडे पुष्कळ पाहिले, परंतु दीर्घकाळ ते या पाहुण्याच्या नजरेने पाहिले.

ही नजर बदलली ती नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजात जन्मलेले मंजुळे यांनी आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट काढून राष्ट्रीय पुरस्कार मिळविला होता. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतील शब्द; त्याचा अर्थ डुक्कर. २०१३ साली हा चित्रपट मुंबई व लंडन येथील महोत्सवांत दाखविला गेला, आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वत्र प्रदर्शित झाला. डुकराच्या मागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते. धरलेले डुकर ज्या भिंतीवरून वाहून नेले जाते, तिच्यावर आंबेडकरांचे चित्र असते. आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. येथे करुणेची याचना नाही, जाब आहे.

महोत्सवांचे साहाय्य केवळ टाळ्यांचे नसते. रॉटरडॅमच्या महोत्सवाने १९८८ साली स्थापिलेला ह्यूबर्ट बाल्स निधी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका येथील दिग्दर्शकांना पटकथा लिहिण्याच्या अवस्थेपासूनच पैसा पुरवीत आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला याच निधीची मदत झाली. एका दलित लोकशाहिरावरील खटल्याचा हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन सन्मानांचा मानकरी ठरला. शाहिराची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. ज्याच्यापाशी ना वडिलार्जित पैसा ना ओळखी, त्याच्या हाती कागद-लेखणीच्या वेळीच चार पैसे पडणे, हीच खरी मदत होय.

फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे दलित चित्रपट व सांस्कृतिक महोत्सव भरला. तेथे ‘फँड्री’ दाखविला गेला. महोत्सवाचे एक स्थान होते कोलंबिया विद्यापीठ, म्हणजे जेथे १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर शिकले तेच. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेने अटलांटिकपार पाठविलेला संदेश जणू येथे पोहोचता झाला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, व तो टाकाऊ नाही. वेगळे महोत्सव म्हणजे पुन्हा वेगळी पंगतच ना? कलेला जात नि रंग कशाला? याचे उत्तर इतकेच की, ज्याला मुख्य पंगतीतून उठविले त्याने आपल्या अंगणात चूल मांडली तर पंक्तिभेदाचा दोष त्याच्या माथी येत नाही. मात्र ती चूल हा मुक्काम नव्हे, हेही आक्षेपकांइतकेच त्या महोत्सवांना ठाऊक असले पाहिजे. मंजुळे यांचाच ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात झळकला आणि एप्रिलअखेर महाराष्ट्रातील थिएटरांत आला, तेव्हा तालुक्या-तालुक्यांतून त्याला झालेली गर्दी अभूतपूर्व होती. बर्लिनने दार उघडले खरे, पण तिकीट काढून आत आला तो गावोगावचा प्रेक्षक. महोत्सव ज्याला हात देतो तो चित्रपट फिरून आपल्या माणसांपर्यंत पोहोचतो किंवा नाही, यावरूनच त्या मदतीचे मोल ठरवावयाचे आहे.