मुंबईच्या टेकड्या: काही उरल्या, काही समुद्रात गेल्या

१६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान औरंगजेबाच्या बाजूने फौज घेऊन शिवडीच्या किनाऱ्यावर उतरला. शिवडी पडली, मग माझगावचा किल्ला पडला. त्यानंतर सिद्दीने डोंगरीच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि तिथून इंग्रजांच्या कोटावर मारा सुरू केला. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक महिनोन् महिने कोटात अडकून पडले. शेवटी कंपनीने औरंगजेबापुढे नमतं घेतलं आणि १६९० मध्ये वेढा उठला. सिद्दी गेला, पण जाताना माझगावचा किल्ला बेचिराख करून गेला.

आज शिवडी, माझगाव, डोंगरी या वस्त्यांमधून हिंडताना ही लढाई डोळ्यांपुढे आणणं अवघड आहे. टेकडीवरून कोटावर तोफ डागायची, तर टेकडी उंच हवी आणि मधला मुलूख मोकळा हवा. दोन्ही गोष्टी आता नाहीत. मुंबईच्या इतिहासात सात बेटांची गोष्ट शाळेपासून सांगितली जाते. बेटांमधला समुद्र बुजवला आणि शहर एकसंध झालं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण समुद्र बुजवायला लागणारा दगड आणि मुरूम आला कुठून? त्यातला बराचसा मुंबईच्याच टेकड्यांमधून आला. म्हणूनच मुंबईची कोणती टेकडी उरली आणि कोणती गेली याचा हिशेब म्हणजे या शहराने कशाला किती किंमत दिली याचा हिशेब आहे.

देशावरच्या माणसाला हा दगड परका नाही. पुणे–सोलापूर महामार्गावरून दौंडकडे जिथे रस्ता फुटतो, तिथे कुरकुंभ आहे. तिथली टेकडी फिरंगाई देवीची. भीमेच्या खोऱ्यातल्या सपाट मुलखात ती लांबूनही दिसते. कुरकुंभची टेकडी आणि मुंबईच्या टेकड्या एकाच मोठ्या घडामोडीतून जन्मल्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. फरक आहे तो मांडणीत. घाटमाथ्याच्या पूर्वेला हे थर जवळजवळ आडवे पडलेले आहेत. किनाऱ्यालगत, पनवेलच्या पट्ट्यापासून ते पश्चिमेकडे कलले आहेत. त्यामुळे मुंबईत उत्तर–दक्षिण धावणाऱ्या दोन रांगा तयार झाल्या. पश्चिमेला मलबार हिल, खंबाला हिल आणि पुढे वरळी. पूर्वेला डोंगरी, नौरोजी हिल, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल आणि शीव. मधला भाग सखल आणि दलदलीचा. भरतीचं पाणी महालक्ष्मीच्या खिंडारातून थेट आत शिरायचं.

या टेकड्यांची उंची सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. मलबार हिल जेमतेम पन्नास मीटर. पण सभोवती खाजण आणि समुद्र असताना पन्नास मीटरही पुष्कळ होतात. समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला आधी दिसायची ती टेकडीच.

मलबार हिलच्या टोकाला आधी देव आले. वाळकेश्वरचं देवस्थान आणि बाणगंगेचं तळं शिलाहारांच्या काळातलं. पोर्तुगीज अमदानीत जुनं देऊळ पाडलं गेलं. पुढे १७१५ मध्ये रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा उभारलं. त्याच टोकाला समुद्राच्या काठी श्रीगुंडी नावाची फट असलेली शिळा होती. त्या फटीतून अंग चोरून पलीकडे गेलं की पाप फिटतं, अशी श्रद्धा होती. कान्होजी आंग्रे आणि राघोबादादा पेशवे तिथून गेल्याचं परंपरा सांगते. याच टेकडीवर पारशी समाजाने १६७० च्या दशकात मोदी हिरजी वाच्छा यांच्या पुढाकाराने मुंबईतला पहिला दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, बांधला. शहराची वस्ती तेव्हा कोटाच्या आसपास होती आणि टेकडीवर जंगल होतं. मृतांना शांत, उंच आणि निर्जन जागा हवी होती. डुंगरवाडी म्हणून ओळखला जाणारा तो पन्नासहून अधिक एकरांचा झाडीचा तुकडा आजही टिकून आहे आणि त्यात मोर आहेत. त्याच्या कुंपणाबाहेरची जमीन देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी आहे.

पूर्वेकडच्या रांगेला असं संरक्षण लाभलं नाही. तिच्या वाट्याला आधी किल्ले आले. शीवची टेकडी म्हणजे कंपनीच्या मुलखाची उत्तर सीमा. गव्हर्नर जेराल्ड अँजियरच्या कारकिर्दीत, म्हणजे १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, तिच्यावर किल्ला बांधला गेला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. मग या टेकडीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे मराठ्यांचा मुलूख दिसायचा. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ च्या अखेरीस. मधली पस्तीस वर्षं शीवच्या पहारेकऱ्यांचं तोंड उत्तरेकडेच होतं.

डोंगरीचं काय झालं, हे जास्त बोलकं आहे. कोटावर नजर ठेवणारी टेकडी शत्रूच्या हाती गेली तर काय होतं, हे सिद्दीने दाखवून दिलं होतं. तिथला जुना किल्ला पाडून १७६९ मध्ये फोर्ट जॉर्ज बांधण्यात आला. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने कोटाची तटबंदी उतरवली आणि त्यात फोर्ट जॉर्जही गेला. त्या जागेवर आज सेंट जॉर्ज रुग्णालय आहे.

टेकड्यांचं खरं नशीब मात्र त्याच दशकात फिरलं. महालक्ष्मीचं खिंडार बंद करणारा हॉर्नबी वेलार्ड १७८४ च्या सुमारास पुरा झाला होता आणि तेव्हापासून सखल भाग हळूहळू सुकत होता. पण त्याला वेग आला तो कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागू लागला. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि देशावरचा माल थेट बंदरावर येऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाने समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि शेअरांचे भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा बाजार कोसळला आणि कित्येक घराणी बुडाली. भराव मात्र थांबला नाही. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. प्रत्येक गोदीला, धक्क्याला आणि रेल्वे यार्डाला दगड हवा होता. जवळची टेकडी म्हणजे वाहतुकीचा खर्च वाचणार. पूर्वेच्या रांगेतल्या टेकड्या अशा सुरुंगाने फुटत गेल्या. नौरोजी हिल हे नाव आता डोंगरीतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आहे, पण तिथे उभ्या असलेल्या माणसाला टेकडी दाखवता येत नाही.

पुढे शहराची भूक उपनगरांकडे वळली. कुर्ला आणि मालाडच्या खाणींतला दगड मुंबईच्या सरकारी इमारतींचा चेहरा झाला. काळ्या घोड्याजवळचं प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, याच दोन गावांच्या दगडांत उभं आहे. मालाडचा दगड पिवळसर बदामी, कुर्ल्याचा करडा. बॅकबे भरावाच्या समुद्रभिंतीसाठी कांदिवलीची टेकडी फोडली गेली. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी फिरणाऱ्यांच्या पायाखाली अशी उपनगरातली टेकडी आहे.

हे काम हातांनी झालं. पहार, घण, छिन्नी आणि सुरुंगाची दारू ही त्याची हत्यारं. महाराष्ट्रात दगडाचं आणि मातीचं काम पिढ्यान् पिढ्या वडार समाजाने केलं आहे. मातीवडार माती खणायचे, गाडीवडार ठेंगण्या भक्कम चाकांच्या गाड्यांवरून दगड ओढायचे आणि पाथरवट तो घडवायचे. पाट्या–वरवंट्यांना आणि जात्यांना टाकी लावून देणारी हीच मंडळी मोठमोठ्या बांधकामांवर पोटासाठी पांगली. संग्रहालयाच्या घुमटाखाली वास्तुविशारद जॉर्ज विटेटचं नाव सांगितलं जातं. दगड फोडणाऱ्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, आणि शहराच्या इतिहासातली ही फार मोठी उणीव आहे.

दगड फोडताना कधी कधी टेकडीच्या पोटातलं फार जुनं काही बाहेर यायचं. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा पातळ थर सापडला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तिथे गोड्या पाण्याचं तळं होतं. त्या गाळात बेडकांचे इवलेसे सांगाडे मिळाले. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज शास्त्रज्ञ या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. मुंबईत नोकरीला असलेले डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर सविस्तर लिहिलं. वरळीतल्या कासवाच्या जीवाश्माचाही त्यांनी अभ्यास केला. ज्वालामुखीच्या प्रदेशातही तळी होती आणि त्यांत बेडूक डरावत होते, हे जगाला मुंबईच्या टेकडीने सांगितलं.

मग काही टेकड्या वाचल्या कशा? एक कारण पाणी. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, १८९२ मध्ये तानसाचं. नळाला दाब हवा तर साठा उंचावर हवा, आणि मुंबईला ही उंची टेकड्यांनी फुकट दिली. मलबार हिलवर जलाशय बांधला गेला, माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर दुसरा. मलबार हिलच्या जलाशयावर माती पसरून बाग केली. तेच हँगिंग गार्डन, ज्याला पुढे फिरोजशहा मेहतांचं नाव मिळालं. माझगावच्या जलाशयावरच्या बागेला लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि मुंबईचे महापौर राहिलेले जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा यांचं नाव आहे. सिद्दीने जाळलेला किल्ला याच टेकडीवर होता. तिथल्या कठड्याशी उभं राहिलं की खाली गोदी आणि रेल्वेचे रूळ पसरलेले दिसतात.

दुसरं कारण सत्ता. मलबार पॉइंटवर गव्हर्नरांचे बंगले एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होते, पण मुख्य निवास परळला होता. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या निवासात कॉलऱ्याने वारल्या. त्यानंतर, १८८५ मध्ये, गव्हर्नर मलबार पॉइंटवर राहायला गेले. परळच्या त्या वास्तूत पुढे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. सखल भागात गिरण्या, चाळी, प्लेग आणि कॉलरा. टेकडीवर वारा, झाडी आणि बंगले, अशी शहराची विभागणी पक्की झाली. २०१६ मध्ये राजभवनाच्या हिरवळीखाली इंग्रजांच्या काळातलं मोठं भुयारी बांधकाम सापडलं, तेव्हा या टोकाचं लष्करी महत्त्व पुन्हा लोकांच्या लक्षात आलं.

उतारांवर राहायला आलेली माणसं मात्र वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर गावाकडून आलेल्या, सपाटीवर घर न परवडणाऱ्या कुटुंबांनी घाटकोपर, असल्फा, चेंबूर, विक्रोळीच्या टेकड्यांवर घरं बांधली. पायथा आधीच खाणींनी पोखरलेला, वर झाडं तुटलेली, पावसाच्या पाण्याला वाट नाही. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूरच्या भारतनगरमध्ये दरडीने संरक्षक भिंत घरांवर पडली आणि एकोणीस जणांचा जीव गेला. विक्रोळीतही त्याच रात्री घरं ढासळली. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत मलबार हिलचा उतारही खचला आणि बा. ग. खेर मार्ग दीर्घकाळ बंद राहिला. तिथे उतार बांधून काढायला यंत्रणा आणि पैसा उभा राहिला. चेंबूर आणि घाटकोपरच्या उतारांना तीच तत्परता मिळायला हवी होती.

टेकडी वाचवण्यासाठी लोक उभे राहिले की काय होतं, याचं उदाहरणही मलबार हिलवरच आहे. २०२३ मध्ये जुना जलाशय पाडून नवा बांधण्याची महापालिकेची योजना पुढे आली. त्यासाठी शेकडो झाडं जाणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी पाहणी केली आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. २०२५ मध्ये त्याच उतारावर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची लाकडी पायवाट लोकांसाठी खुली झाली. टेकडीचा उतार पाहायला मुंबईकर तिकीट काढून जातात.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला मात्र अशी बाजू घेणारे लोक फार उशिरा मिळाले. काळ्या बसाल्टच्या उभ्या खांबांचा हा ६१ मीटर उंच सुळका अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरशी तुलना व्हावी इतका दुर्मीळ. आजूबाजूचा दगड खाणींनी नेला, झोपड्या आणि इमारती सुळक्याला भिडल्या. माथ्यावर गावदेवी दुर्गामातेचं देऊळ आहे आणि कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी भाविक वर जातात. कुरकुंभच्या टेकडीप्रमाणे इथेही देवीचं ठाणं आहे म्हणून लोकांची वर्दळ राहिली. २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसास्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत घेतलं. तोवर टेकडीचा बराच घेर गेला होता. उरलेल्या सुळक्याभोवती मोकळी जागा राखणं, पायथ्याचं नवं खोदकाम बंद ठेवणं आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबांना जवळच सुरक्षित घरं देणं, ही तीन कामं एकत्रच करावी लागतील.