चांगुणेच्या दारातला अतिथी

शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज म्हणणारी घरं महाराष्ट्रात अजूनही पुष्कळ आहेत. चौदाव्या अध्यायाची गोष्ट वेगळी. श्रावणात आमच्याकडे पोथी लागायची आणि चौदावा अध्याय आला की ऐकणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. आजोबांचा वाचण्याचा सूर मंद व्हायचा. श्रीधरांनी शके १६४० मध्ये बारामतीत ही पोथी पुरी केली. तीनशे वर्षं होऊन गेली, तरी श्रियाळ, चांगुणा आणि चिलया बाळाची ही कथा कोरड्या डोळ्यांनी ऐकलेलं माणूस मला भेटलेलं नाही.

पोथी संपली की आजी तीच गोष्ट आम्हा मुलांना आपल्या बोलीत सांगायची. श्रियाळ राजाच्या घरून उपाशी कुणी परत जात नसे. एक दिवस शंकर अतिथीच्या वेषात आला आणि नरमांस मागू लागला. राजा म्हणाला, माझं घ्या. अतिथी म्हणाला, तू गेलास तर दारी येणाऱ्याला कोण जेवू घालील? चांगुणा म्हणाली, मग माझं घ्या. तिलाही नकार. त्याला पाच वर्षांचा चिलया हवा होता. चिलया शाळेत होता. अतिथीने त्याला वाटेत गाठून पळून जायलाही सुचवलं, पण पोर आईकडेच आलं. चांगुणेने रांधलं, पण आईचा जीव, शिर तेवढं झाकून ठेवलं. अतिथीने तेही मागितलं. उखळात घालून कांड म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी न आणता गाणं म्हणत कांड. पान वाढल्यावर म्हणाला, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणेने हाक मारली आणि चिलया धावत आला.

या हाकेपाशी आजीची थोरली बहीण उठून पडवीत जायची. तिचा मुलगा लहानपणीच तापाने गेला होता. एका श्रावणात ती उठली नाही. तिने सरळ विचारलं, "चांगुणेच्या हाकेला ओ आली. माझ्या हाकेला आली नाही. मग माझी भक्ती उणी पडली का?" आजोबांनी पोथी मिटली. उत्तर दिलं ते आजीने, "अक्का, तुझ्याकडे देवानं मागितलं नव्हतं गं. ते तापानं नेलं. नेलेल्याचा हिशेब भक्तीत धरायचा नसतो."

देवाधर्मावर पुढे मी बरंच वाचलं, पण त्याग म्हणजे काय हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. ज्याला 'नाही' म्हणता येतं, तेच मागितलेलं असतं. श्रियाळ-चांगुणेला दार लावून घेता आलं असतं. त्यांनी ते लावलं नाही, आणि मुलाआधी दोघांनी स्वतःला पुढे केलं. या कथेतली आज्ञाधारकता तिथे आहे.

ही कथा आपल्याकडे दक्षिणेतून आली. तमिळ देशात बाराव्या शतकात शेक्किळार यांनी पेरियपुराणात शिवभक्तांची चरित्रं लिहिली. त्यांतल्या शिरुत्तोंडरांचं चरित्र हेच आहे. त्यांच्या मुलाचं नाव शीराळन. तोही शाळेतच होता, आणि हाक मारल्यावर तोही धावत आला. शिरुत्तोंडरांचं पूर्वीचं नाव परंज्योती. पेरियपुराण सांगतं की ते राजाचे सेनापती होते आणि वातापी, म्हणजे बदामी, त्यांनी उद्ध्वस्त केली. पल्लव राजा नरसिंहवर्म्याने इ.स. ६४२ मध्ये घेतलेली ही बदामी दुसऱ्या पुलकेशीची, म्हणजे ज्या चालुक्यांच्या राज्यात तेव्हा आपला महाराष्ट्र होता त्यांची राजधानी. तिरुच्चेंगाट्टंगुडीच्या देवळात आजही एक गणपती आहे, तो वातापीहून आणलेला, अशी तिथली श्रद्धा आहे.

हे वाचल्यापासून मला कथेची दुसरी बाजू दिसू लागली. ज्या सेनापतीने एक नगर धुळीला मिळवलं, कितीतरी आयांची मुलं रणात पाडली, त्याच्याच दारात देव त्याचा मुलगा मागत उभा राहिला. ज्याने कथेला ही जोड दिली, त्याला दुसऱ्यांच्या मुलांची किंमत कळत असली पाहिजे.

कर्नाटकात बाराव्या शतकात बसवण्णांच्या वचनांत हा भक्त सिरियाळ शेट्टी होऊन येतो. पंधराव्या शतकात तेलुगू कवी श्रीनाथ 'हरविलासा'त त्याची कथा गातो. मराठीत तो पोथीत राजा झाला आणि लोकांच्या तोंडी शेठच राहिला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, मातीचा शिराळशेठ मांडून बायका त्याची गाणी म्हणतात आणि मग त्याला पाण्यात पोचवतात. हा शिराळशेठ दुर्गादेवीच्या दुष्काळातला वाणी, असं आजोबा सांगायचे. १३९६ मध्ये सुरू झालेला तो दुष्काळ बारा वर्षं चालला, असं ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. शिराळशेठने आपली कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली. बादशहाने खूश होऊन काय हवं ते माग म्हटलं, आणि तो साडेतीन घटकांपुरता राजा झाला. औट घटकेचा राजा तो हाच. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं.

पोथीतला श्रियाळ आणि दुष्काळातला शिराळशेठ एकच की दोन, याचा निकाल आजोबांनी कधी दिला नाही. मला वाटतं, लोकांनीच तो देऊन टाकला आहे. दारात भुकेला उभा आहे आणि घरात जे आहे ते त्याला द्यायचं आहे, एवढं दोन्हीकडे सारखं दिसलं, आणि लोकांनी दोघांना एकाच नावाने हाक मारली.

१९७२ च्या दुष्काळात मी हे घरात पाहिलं. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात होती. मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. आमच्या बळदात बियाण्याची ज्वारी राखून ठेवली होती. कामावरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शेजारणींना आजी त्यातून पसापसा देऊ लागली. आजोबा म्हणाले, "पाऊस पडला तर पेरायचं काय?" आजी म्हणाली, "पेरायला माणसं तर राहिली पाहिजेत." आजीने तेव्हा देवाचं नाव घेतलं नाही. पण चौदावा अध्याय तिच्या अंगात मुरला होता.

ही कथा धोक्याचीही आहे, हे वडीलधाऱ्यांनी आम्हाला सांगितलं म्हणून मीही सांगतो. देवाच्या नावाने दुसऱ्याच्या मुलाच्या गळ्यावर सुरी ठेवणारे अजून आहेत. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली नरबळी आणि इतर अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला. गुप्तधनासाठी पोराचा जीव घेणाऱ्याने चिलयाचा दाखला देऊ नये. श्रियाळाला धन नको होतं. कथेतल्या देवाने मूल ठेवून घेतलं नाही, आईला परत दिलं. मूल परत न देणारा देव आमच्या पोथीत नाही.

देवाने मागितलं तर आपलं द्यावं, आधी स्वतःला पुढे करावं, आणि दुसऱ्याचं कधी देऊ नये. माझी श्रद्धा एवढीच आहे. येत्या श्रावणात चौदावा अध्याय वाचाल तेव्हा मुलांना पूर्ण सांगा. चांगुणेने आधी स्वतःला पुढे केलं होतं, हे सांगायला विसरू नका. आणि षष्ठीला शिराळशेठ मांडलात, तर त्या दिवशी घरातलं धान्य कुणा गरजवंताच्या घरी पोचवा.