बिशपांची घडीची खुर्ची

दिवाळी झाली की आमच्या लाखांदूर-वडसा पट्ट्यात मंडया सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलंच. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत शामियाना उभा राहतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोखंडी घडीच्या खुर्च्या उतरतात. मागे बहुतेक गाव जमिनीवर बसतं. पुढे खुर्चीवर कोण बसणार, पहिल्या रांगेत कोण आणि दुसऱ्या रांगेत कोण, यावरून मात्र दरवर्षी रुसवेफुगवे होतात. खुर्ची भाड्याची, सकाळी घडी होऊन परत जाणारी. मान तिचा नसतो, त्या रात्रीच्या जागेचा असतो.

असाच मान एका घडीच्या खुर्चीला कॅथलिक चर्चमध्ये आहे, आणि तिथं तर तिच्यावर कोणी, कधी, कुठल्या बाजूला बसायचं याचे लिखित नियम आहेत. लॅटिनमध्ये तिला ‘फाल्दिस्तोरियुम’ म्हणतात. बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचे प्रमुख धर्मगुरू. त्यांच्यासाठी असलेली ही खुर्ची. ऐकायला किरकोळ वाटणारी ही वस्तू आपल्या मुलखाच्या अडीचशे वर्षांच्या एका भांडणात शिरलेली आहे, म्हणून तिच्याविषयी बोलायचं.

बसण्याची जागा आणि अधिकार यांचं नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. महंत ‘गादीवर’ येतात, शंकराचार्यांचं ‘पीठ’ असतं, पंगतीत मानाचा ‘पाट’ असतो, आणि राजकारणातल्या ‘खुर्ची’बद्दल तर काय बोलावं! युरोपातही तेच. ग्रीक भाषेत ‘काथेद्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपांचं कायमचं आसन असतं ते कॅथिड्रल. कॅथिड्रल म्हणजे मोठं चर्च असा आपला समज असतो. खरं तर ते लहानसंही असू शकतं. आसन पाहिजे, एवढीच अट. पोपच्या सत्तेला इंग्रजीत ‘होली सी’ म्हणतात, त्यातला ‘सी’ हा शब्दही लॅटिन ‘सेदेस’पासून, म्हणजे बैठकीपासूनच आलेला.

हे कायमचं आसन उंचावर, पायऱ्यांवर, जुन्या काळी वर छत असलेलं. पण ते त्या धर्मप्रांताच्या बिशपांचंच. दुसऱ्या ठिकाणाहून पाहुणे आलेले बिशप, बिशपांचे साहाय्यक बिशप, किंवा ज्यांना स्वतःचं कॅथिड्रलच नाही असे बिशप विधी करायला आले तर त्यांनी कुठे बसायचं? त्यांच्यासाठी घडीची खुर्ची. प्रत्यक्ष धर्मप्रांताच्या बिशपांनाही काही वेळा आसन सोडून तिच्यावर यावं लागे. उदाहरणार्थ गुड फ्रायडेच्या शोकविधीत, किंवा कुणाला गुरुदीक्षा देताना. तेव्हा ती वेदीच्या समोर मधोमध मांडत. तिच्यावर त्या दिवसाच्या रंगाचं रेशमी आच्छादन असे. प्रार्थनेच्या वेळी बिशप तिच्यासमोर उशीवर गुडघे टेकून तिच्यावर हात ठेवत, म्हणजे तीच खुर्ची टेकणीही होई.

तिची रचना साधी. पोथी ठेवायची लाकडी ठवणी आपण पाहिली असेल. कुराणासाठी असते तिला रेहाल म्हणतात. कातरीसारखी उघडते, फुलीचा आकार होतो. तशाच दोन फुल्या पुढेमागे, मध्ये खीळ, आणि वरच्या टोकांना ताणलेलं चामडं किंवा कापड. माणूस बसला की चामडं ताणलं जातं आणि पाय घट्ट रोवले जातात. पाठ नाहीच. आराम हा तिचा हेतूच नव्हे.

ही युक्ती चर्चची नाही, फार जुनी आहे. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ मध्ये उघडलं, अशी घडीची आसनं निघाली. रोमन प्रजासत्ताकात कॉन्सल आणि प्रेटर यांच्यासारखे मोठे अधिकारी हस्तिदंती ‘सेला कुरुलिस’वर बसून न्यायनिवाडा करत. ती खुर्ची नोकर उचलून नेई, आणि जिथं ती मांडली तिथं सत्ता मांडली असं समजत. रोमन साम्राज्य गेलं, तरी ही समजूत चर्चनं सांभाळली. फ्रँक राजांनीही सांभाळली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात ‘दागोबेरचं सिंहासन’ नावाची काशाची खुर्ची आहे. मुळात ती घडीचीच. पुढे तिला पाठ आणि हात जोडले, आणि मग ती मिटेनाशी झाली. नेपोलियननं १८०४ मध्ये बूलोन्यच्या छावणीत सैनिकांना पदकं वाटताना हीच खुर्ची मागवून घेतली. एक गंमत सांगतो. जुन्या जर्मानिक भाषांत घडीच्या आसनाला जो शब्द होता त्याच्यापासून लॅटिन ‘फाल्दिस्तोरियुम’ झाला आणि त्याच्यापासूनच फ्रेंच ‘फोतय’, म्हणजे चांगली गुबगुबीत आरामखुर्ची! खुर्ची फुगली, घडी गेली, नावात तेवढी राहिली.

आता त्या नियमाकडे येतो, ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवे क्लेमेंट यांच्या काळात बिशपांच्या विधींची पुस्तकं नव्यानं छापून ठरवून दिली गेली. त्यात नव्या बिशपांच्या दीक्षाविधीच्या शेवटी एक सूचना आहे. दीक्षा देणारे बिशप आपल्या घडीच्या खुर्चीवरून उठतात आणि नव्या बिशपांना हाताला धरून तिच्यावर बसवतात. पण विधी जर नव्या बिशपांच्या स्वतःच्या कॅथिड्रलमध्ये असेल, तर त्यांना थेट कायमच्या आसनावर बसवायचं. म्हणजे एकाच विधीची दोन टोकं. ज्याला घर आहे त्याला सिंहासन, ज्याला नाही त्याला घडीची खुर्ची.

१६३७ मध्ये रोममध्ये गोव्याच्या एका माणसाला बिशपपदाची दीक्षा मिळाली. मातेउस द कास्त्रो त्यांचं नाव. मूळचे महाले, दिवाडी बेटावरचे, ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातले. रोमन विधीतले ते पहिले भारतीय बिशप मानले जातात. (केरळातल्या सीरियन ख्रिस्ती परंपरेचा इतिहास वेगळा आणि फार जुना आहे.) दिवाडी बेट मांडवी नदीत, जुन्या गोव्याच्या अगदी समोर. पलीकडच्या काठावर पोर्तुगीज आर्चबिशपांचं कॅथिड्रल, म्हणजे सेंट कॅथरीनचं ‘से’ कॅथिड्रल. त्या ‘से’ शब्दातही तीच बैठक लपलेली आहे, बरं का.

कास्त्रो रेइस मागोसला फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे शिकले. पण गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळेना. स्थानिक माणसानं दुय्यम कामं करावीत, वेदीवरचा अधिकार गोऱ्यांकडे राहावा, असा तिथल्या वरिष्ठांचा कल होता. हा गडी खुष्कीच्या मार्गानं निघाला आणि १६२५ मध्ये रोमला पोचला. त्याआधी तीनच वर्षं, १६२२ मध्ये, पोपनी धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचं स्वतःचं खातं उघडलं होतं. कारण सरळ होतं. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा ‘पाद्रुआदो’ नावाचा हक्क होता. बिशप कोण, हे लिस्बन ठरवी. रोमला आता आपली माणसं थेट पाठवायची होती. कास्त्रो त्यांना अगदी हवे तसे सापडले. १६३० मध्ये गुरुदीक्षा, गोव्याला पाठवणी, तिथं नकार, पुन्हा रोम, आणि मग बिशपपद.

पण बिशप कुठले? गोव्याचे करता येत नव्हतं, तिथं राजाचा हक्क आड येत होता. चर्चकडे यावर एक जुनी तोड होती. कधीकाळी बिशप असलेली, नंतर नाहीशी झालेली नगरं कागदावर जिवंत ठेवायची आणि त्यांची नावं नव्या बिशपांना द्यायची. कास्त्रोंना नाव मिळालं क्रिसोपोलिसचं. ग्रीकमध्ये अर्थ ‘सोन्याचं नगर’. तिथं ना कॅथिड्रल होतं, ना भाविक. प्रत्यक्ष काम मात्र विजापूरच्या आदिलशाही मुलखात, ‘व्हिकार अपोस्टोलिक’ म्हणजे पोपचे प्रतिनिधी म्हणून. दीक्षा रोमला झालेली, स्वतःच्या कॅथिड्रलमध्ये नव्हे. पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे अशा बिशपांच्या वाट्याला येते ती उठून दिलेली घडीची खुर्ची.

ते परत आले तेव्हा गोव्यानं त्यांची कागदपत्रं मानली नाहीत. ते डिचोलीला राहिले. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती, पोर्तुगीज हद्दीला अगदी लागून. तिथं त्यांनी स्थानिक तरुणांना गुरुदीक्षा दिल्या. गोव्यानं त्याही नाकारल्या. १६५३ मध्ये त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नावाचं एक जळजळीत लिखाण गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांसाठी पोर्तुगिजांविरुद्ध लिहिलं. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौजा गोव्याच्या हद्दीत घुसल्या तेव्हा पोर्तुगिजांनी चिथावणीचा ठपका त्यांच्यावर ठेवला. अखेरची वर्षं त्यांनी रोममध्ये काढली.

त्यांना नुसतं हुतात्मा करून ठेवणं मला पटत नाही. त्यांचा आरसा ब्राह्मणांसाठी होता, हे नावच सांगतं. जे दार स्वतःसाठी बंद म्हणून ते आयुष्यभर भांडले, ते खालच्या मानलेल्या जातींसाठीही उघडावं, ही तळमळ त्यांच्यात मला दिसत नाही. पण भांडणातला मुद्दा खरा होता. बिशपपदाची दीक्षा माणसाला मिळते, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. आसन मात्र जमिनीचं असतं, आणि जमीन राजाची. घडीच्या खुर्चीत नेमकी हीच फट दिसते. दीक्षा पुरी, जागा नाही.

ही फट कास्त्रोंबरोबर मिटली नाही. डिचोलीला त्यांच्यामागून कुस्तोदियु द पिन्यु नावाचे दुसरे गोवेकर आले, तेही असेच नावापुरत्या नगराचे बिशप. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना घालवून कार्मेलाइट संघाच्या व्हिकार अपोस्टोलिकांना बोलावलं. पुढची दीडशेहून जास्त वर्षं मुंबईतले कॅथलिक दोन अधिकाऱ्यांत वाटले गेले, आणि कुठलं चर्च कोणाचं यावरून भांडत राहिले.

आमच्या वैनगंगेच्या खोऱ्याची गोष्ट याच धाग्यातली. कामठीला इंग्रजांची छावणी होती, तिच्यात आयरिश कॅथलिक शिपाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सव्हॉयमधल्या आनसी गावच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू विशाखापट्टणमला उतरले आणि हा सगळा मुलूख त्यांच्याकडे आला. समुद्रकाठी राहणारे बिशप, आणि त्यांचे भाविक कामठीला! नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. त्याआधी हा प्रवास म्हणजे जंगलं, नद्या आणि बैलगाडी. तेही स्वतःचं कॅथिड्रल नसलेलेच बिशप. अशा मुलखात उंच, छत्रीचं आसन बांधायचं तरी कुठे?

शेवटी १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी हिंदुस्थानात रीतसर धर्मप्रांत उभे केले. मुंबईला आर्चबिशप आले. १८८७ मध्ये नागपूर विशाखापट्टणमपासून वेगळं निघालं. सदरमधलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथिड्रल हे या धर्मप्रांताचं आसन. भंडारा जिल्हाही याच धर्मप्रांतात येतो. म्हणजे ज्या बिशपांचं आसन या मातीत रोवलेलं आहे असे बिशप आमच्या भागाला मिळाले ते तेव्हा. अर्थात तेही युरोपातले. १९५३ मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झालं तेव्हा पहिले आर्चबिशप मात्र युजीन डिसोझा, भारतीय होते.

मुंबईत हे जरा वेगळ्या रीतीनं घडलं, आणि मला ते फार आवडतं. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत. भारतीय माणसाची पाळीच नाही! १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले. हे बरोबर नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९४६ मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप करून घेतलं आणि कारभार त्यांच्यावर सोपवून स्वतः मुंबईतून निघून गेले. राजीनामा मंजूर झाला १९५० मध्ये. मधली चार वर्षं मुंबईचं आसन कायद्यानं रॉबर्ट्स यांचं, पण ते शहरात नाहीत. काम बघणारे ग्रेशियस साहाय्यक, म्हणजे नियमानं घडीच्या खुर्चीचे मानकरी. १९५० मध्ये ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल.

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यानंतर विधी सोपे झाले, आसनांवरची छतं निघाली, पुष्कळ सोपस्कार गेले. घडीची खुर्चीही मागे पडली. आता पाहुण्या बिशपांसाठी साधी खुर्ची मांडली की काम भागतं. जुन्या विधीनं मिस्सा होते अशा थोड्या ठिकाणी ती अजून बाहेर निघते, बाकी संग्रहालयात.

जुन्या गोव्याच्या कॅथिड्रलमधल्या आसनावर गोव्याचाच माणूस बसायला मात्र पोर्तुगीज राज्य जाऊनही सतरा वर्षं लागली. १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस गोव्याचे आर्चबिशप झाले. कास्त्रोंच्या दीक्षेला तेव्हा ३४१ वर्षं झाली होती. दिवाडीहून जुन्या गोव्याला जायला फेरीबोट आहे, आणि नदी ओलांडायला तिला काही मिनिटंच लागतात.