नागपुरी संत्र्याचा रस कडू का होतो

* बी चिरडू नये : संत्र्याचा रस काढतानाची ही ताकीद अगदी रास्त आहे. नागपुरी संत्र्याची फोड गोड लागते, पण त्याच फोडींचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. बिया आणि पापुद्र्यांमध्ये लिमोनिन या कडू द्रव्याचे पूर्वरूप असते. या पूर्वरूपाला कडू चव नसते. फळ पिळताना ते आंबट रसात उतरते आणि तिथे त्याचे कडू लिमोनिन बनते. हा बदल आम्लामुळे आपसूकही झाला असता, पण सावकाश. फळातलेच एक विकर (सजीवांतला उत्प्रेरक) त्याला वेग देते. विकर रेणूला आपल्या खाचेत नेमके धरते, त्यामुळे बदलासाठी लागणारी ऊर्जा कमी होते. स्वतः ते खर्ची पडत नाही, म्हणून थोडेसे विकरही पुष्कळ रस कडू करते. रस उकळणे हा यावर उपाय नव्हे. उष्णतेने विकर निकामी झाले तरी आम्लाचे काम त्याच उष्णतेने झपाट्याने होते. बिया काढाव्यात, हलक्या हाताने पिळावे आणि रस लगेच प्यावा.—संपा.