स्ट्रॉन्शियम : हाडांत शिरणारा कॅल्शियमचा भाऊ

दहावीच्या विज्ञानात डोबेरायनरची त्रिके असतात. त्यातले एक कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण यातल्या मधल्या नावाचा संबंध घरातल्या बुजुर्गांच्या कमरेशी आणि मणक्याशी आहे. मांडव्याहून लाँचने मुंबईला हाडांच्या तपासणीला जाणाऱ्या वालिदा, खाला, फुफी यांच्यासाठी हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

स्कॉटलंडमधल्या स्ट्रॉन्शियन गावाच्या खाणीवरून हे नाव पडले. 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने हा धातू वेगळा केला. आपल्यासमोरच्या समुद्रातही तो आहे, खाऱ्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण 8 मिलिग्रॅम. मासळी, धान्य, पालेभाजी यांतून थोडा पोटात जातो. शरीर त्याला कॅल्शियमच समजते आणि हाडांत नेऊन ठेवते.

हाड म्हणजे दगड नव्हे, त्याची सतत मोडतोड आणि बांधणी चालू असते. ऑस्टिओब्लास्ट पेशी बांधतात, ऑस्टिओक्लास्ट पोखरतात. बांधणाऱ्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा एक ग्राहक असतो. स्ट्रॉन्शियम त्यालाही चेतवते. प्रयोगशाळेत त्यामुळे या पेशींची वाढ झाली, शिवाय पोखरणाऱ्या पेशींना रोखणारे ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिनही वाढले. माणसाच्या हाडांच्या तुकड्यांत मात्र नवे हाड बनण्याचा परिणाम तितका जोरदार दिसला नाही.

यावरून स्ट्रॉन्शियम रॅनिलेट हे औषध आले. रोज 2 ग्रॅम, रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, दुधाबरोबर नाही, कारण कॅल्शियम त्याचे शोषण अडवते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,649 स्त्रियांवरील अभ्यासात तीन वर्षांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर 41 टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी युरोपात मंजुरी मिळाली. पुढे भारतातही ते विक्रीला आले. अमेरिकेने मात्र मंजूर केले नाही.

मग हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समोर आला. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी आणि त्वचेची गंभीर रिअ‍ॅक्शन हेही होतेच. 2013-14 मध्ये युरोपात वापरावर कडक बंधने आली: हृदयविकार, अर्धांगवायू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना देऊ नये. 2017 मध्ये मूळ कंपनीने उत्पादन थांबवले. आपल्याकडे साठीनंतर बीपी आणि शुगर किती घरांत आहे, हे सांगायला नको.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'हाडे मजबूत' गोळ्यांत स्ट्रॉन्शियम सायट्रेट असते. हा वेगळा क्षार. त्याने फ्रॅक्चर कमी होतात, असा रॅनिलेटसारखा मोठा पुरावा नाही. डॉक्टरला न विचारता घेणे मला तरी धोक्याचे वाटते. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच, कारण ते लघवीवाटे बाहेर पडते. स्ट्रॉन्शियम फार साठले तर हाडात खनिज नीट बसत नाही आणि हाड उलट मऊ पडते.

आणखी एक गोष्ट. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड, अणुवस्तुमान 87.6 विरुद्ध 40.1. तो क्ष-किरण जास्त अडवतो, म्हणून डेक्सा तपासणीत घनता खरी वाढते त्याहून जास्त दिसते. अशी गोळी पूर्वी घेतली असेल तर तपासणीआधीच सांगा. बंद केल्यावरही ते हाडात बराच काळ राहते.