संकटातील शब्द

राळेगणसिद्धीपासून समुद्र दूर आहे. तरी आपल्या नगर जिल्ह्याचा कांदा न्हावा-शेवाच्या बंदरातूनच बोटीने परदेशी जातो. बंदर अडले की त्याची झळ आपल्या शिवारापर्यंत पोहोचते. म्हणून महामारीतही दिलेला शब्द पाळलाच पाहिजे काय, हा प्रश्न केवळ मुंबईच्या व्यापाऱ्यांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

मुंबई बंदराला हा प्रसंग नवा नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये गोदीलगतच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि प्लेग जहाजांतून युरोपात शिरेल या धास्तीने व्हेनिस येथे राष्ट्रांची परिषद भरली. जहाज अडकले की मुदत टळते, माल नासतो. मग हे नुकसान कोणी सोसावे यावरून वाद उभा राहतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ सांगते की, करार पाळणे अशक्य झाले तर तो रद्द होतो. याखेरीज व्यापारी करारांत ‘फोर्स मॅज्यूर’ नावाचे कलम घालतात. या फ्रेंच शब्दांचा अर्थ माणसाच्या आवाक्याबाहेरचे बळ. मात्र अशक्य आणि अवघड यांत न्यायालये भेद करीत आली आहेत. भाव उतरला, तोटा आला, एवढ्याने सुटका होत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत याची कसोटी लागली. काही आयातदारांनी दक्षिण कोरियाहून पोलाद मागविले होते. माल तिकडून जहाजाने रवानाही झाला होता. टाळेबंदीमुळे करार पाळता येत नाही, सबब बँकांनी पतपत्रांवरील रक्कम विक्रेत्यास देऊ नये, अशी मागणी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात केली. ८ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. पतपत्र हा बँकेचा स्वतंत्र व्यवहार आहे. पोलादाची वाहतूक व बंदरांचे काम अत्यावश्यक सेवांत मोडते. टाळेबंदी ठरावीक काळापुरतीच आहे, ही त्याची कारणे. आणखी एक कारण आम्हांस फार बोलके वाटते: करारातील ‘फोर्स मॅज्यूर’चे कलम केवळ विक्रेत्याच्याच रक्षणासाठी होते!

सही करताना अशा कलमाकडे कोण पाहतो? संकट आले म्हणजेच ते कोणाच्या बाजूने लिहिले आहे ते कळते. कांद्याचा सौदा असो वा कर्जाचा कागद, आधी वाचून घेण्याचे शहाणपण आपण शिकले पाहिजे.

आणि कायदा केवळ कठोर नाही. त्याच कायद्याचे कलम ६३ सांगते की, ज्याला वचन दिले आहे तो ते पूर्णपणे वा अंशतः माफ करू शकतो, मुदतही वाढवू शकतो. न्यायालय त्याला तसे करावयास भाग पाडत नाही. तेवढी जागा कायद्याने माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवून ठेवली आहे.